एक पुस्तक, दोन वर्ग आणि पूर्वपक्ष

या मालेत मागच्या खेपेला आपण एकट्यानं, मनातल्या मनात केलेल्या वाचनाविषयी बोललो. आज मिळून केलेल्या वाचनाविषयी बोलायचं आहे, आणि त्यातल्याही एका विशेष प्रकाराविषयी. एक वर्ग इथं, दुसरा हजारो मैलांवर, दोन्हीकडे एकच पुस्तक आणि मध्ये इंटरनेट. अशा वाचनानं जगभरातले वर्ग जोडले जातात, असं सांगितलं जातं. आता 'जोडणं' हे क्रियापद मराठीत फार ऐसपैस आहे. आपण नळ जोडतो, हात जोडतो, मोडलेलं हाड जोडतो, माणसं जोडतो. यातलं नेमकं काय इथं घडतं? वर्गांचा नळ जोडला जातो की माणसं जोडली जातात? एवढाच प्रश्न आज आपण तपासून पाहणार आहोत.

सुरुवात एका प्रत्यक्ष उपक्रमापासून करू. त्याचं नाव 'ग्लोबल रीड अलाउड'. मूळच्या डेन्मार्कच्या आणि तेव्हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शिकवणाऱ्या पर्निल रिप या शिक्षिकेनं तो २०१० साली सुरू केला. कल्पना इतकी साधी की, ही आपल्याला का सुचली नाही, असं कुणाही शिक्षकाला वाटावं. वयोगटाप्रमाणे काही पुस्तकं ठरवायची. शिक्षकानं त्यातलं एक निवडायचं. ऑक्टोबरपासून सुमारे सहा आठवडे ते ठरलेल्या वेगानं वर्गात मोठ्यानं वाचायचं. आणि तेच पुस्तक त्याच दिवसांत वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या वर्गाशी बोलायचं. व्हिडिओ कॉलवर, ब्लॉगवर, पत्रानं, जसं जमेल तसं. प्रवेश फी नाही, परीक्षा नाही, बक्षीस नाही. पाहता पाहता अनेक देशांतले वर्ग त्यात आले.

टीका करण्याआधी गुण मोजले पाहिजेत, तो आपला नियम आहे. पहिला गुण म्हणजे इथं शिक्षक मोठ्यानं वाचतो. ज्या मुलाला अजून नीट वाचता येत नाही तेसुद्धा त्या गोष्टीचं पूर्ण भागीदार होतं. वाचता येणारं आणि न येणारं अशी वर्गाची जी रोजची फाळणी असते, ती त्या अर्ध्या तासापुरती मिटते. दुसरा गुण सबुरीचा. सहा आठवडे एकच पुस्तक! धड्यामागून धडा उरकण्याची सवय लागलेल्या शाळेत ही चैनच म्हणायची. आणि तिसरा गुण असा की, हे सगळं एका शिक्षिकेच्या डोक्यातून निघालं, कुठल्या खात्याच्या परिपत्रकातून नव्हे.

मिळून ऐकणं आपल्याला नवं नाही, हेही इथंच नोंदवू. चातुर्मासात पोथी लागायची. एकजण ओवी वाचणार, दुसरा अर्थ सांगणार, आणि ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेली माणसं पुढे बसलेली असणार. 'पांडवप्रताप' किंवा 'हरिविजय' अशाच ऐकण्यातून घरोघर पोचला. पण त्या पोथीवाचनात एक गोष्ट नव्हती. शेजारच्या गावात तीच पोथी लागली असेल, पण तिथं त्या ओवीचा अर्थ काय लावला, हे या गावाला कळत नसे. कळावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. नव्या उपक्रमातलं नवेपण आहे ते इथं: वाचणारे दोन गट एकमेकांचा अर्थ ऐकू शकतात. मग कळीचा प्रश्न असा की, ते खरोखर ऐकतात का?

याआधी असं कुणी करून पाहिलं होतं का? होतं, आणि फार चांगलं करून पाहिलं होतं. फ्रान्सच्या दक्षिणेला बार-स्युर-लू नावाच्या छोट्या गावात सेलेस्तँ फ्रेने हा शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुफ्फुसाला जखम झाली होती; वर्गापुढं फार वेळ मोठ्यानं बोलणं त्याला झेपत नसे. त्यानं १९२४ च्या सुमारास एक लहानसं छापायचं यंत्र वर्गात आणलं. मुलं आपल्या गावाविषयी, आपल्या दिवसाविषयी लिहायची, स्वतः खिळे जुळवायची आणि छापायची. १९२६ पासून ही छापील पानं दूरच्या ब्रिटनीतल्या त्रेगंक इथं, रने दानिएल या शिक्षकाच्या वर्गाकडे टपालानं जाऊ लागली, आणि तिकडची इकडे येऊ लागली. डोंगरातली मुलं समुद्राकाठच्या मुलांची पानं वाचत होती. ते त्यांचं पाठ्यपुस्तकच झालं म्हणा ना. टपालाला दिवस लागायचे. त्या दिवसांत मुलं काय करत असतील? वाट पाहत असतील. आलेलं पान पुन्हा वाचत असतील. 'हे असं का लिहिलंय?' म्हणून आपसात वाद घालत असतील.

दुसरं उदाहरण इटलीचं. तस्कनीच्या डोंगरातल्या बार्बियाना या वस्तीत दोन लोरेंझो मिलानी या धर्मगुरूनं नापास ठरवून बाहेर काढलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा चालवली. त्या मुलांनी लिहिलेलं, १९६७ साली प्रसिद्ध झालेलं पुस्तक आपल्याकडे 'प्रिय बाई' म्हणून शिक्षकांच्या ओळखीचं आहे. पण ते मिळून लिहिण्याची पद्धत कुठं घडली, हे फारसं सांगितलं जात नाही. १९६३ साली मारिओ लोदी या शिक्षकाच्या वर्गाशी बार्बियानाचा पत्रव्यवहार सुरू झाला. त्या वर्गाला उत्तर लिहिताना बार्बियानाच्या मुलांना प्रश्न पडला की, आपण सगळे मिळून एक पत्र कसं लिहायचं? मग प्रत्येकानं आपला मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, साऱ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, सारख्या असतील त्या एकत्र करायच्या, क्रम लावायचा, अनावश्यक ते गाळायचं, अशी रीत बसली. नीट बघा, पत्र दुसऱ्या वर्गाला लिहायचं होतं म्हणून हा वर्ग स्वतःशी बोलायला शिकला. दूरच्या वर्गाचा पहिला उपयोग हा. त्याच्यामुळं आपल्याला आपलं म्हणणं काय आहे ते शोधावं लागतं.

आता पुस्तकाकडे वळू. ग्लोबल रीड अलाउडमध्ये २०१२ साली निवडलेल्या पुस्तकांत कॅथरीन ॲपलगेट यांची 'द वन अँड ओन्ली आयव्हन' ही कादंबरी होती. पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं. आयव्हन हा गोरिला. हमरस्त्यालगतच्या एका मॉलमध्ये काचेमागं राहतो. गोष्ट तोच सांगतो, लहान लहान वाक्यांत. शेजारी स्टेला नावाची वयस्कर हत्तीण आहे, बॉब नावाचा भटका कुत्रा आहे. धंदा मंदावतो म्हणून मालक रूबी नावाचं हत्तीचं पिल्लू आणतो. स्टेलाचा पाय चिघळलेला असतो, उपचार वेळेवर होत नाहीत, ती मरते. मरण्याआधी आयव्हनकडून वचन घेते की, रूबीला इथं आयुष्य काढायला लागू नये. आयव्हनला चित्रं काढता येतात. तो एक प्रचंड चित्र रंगवतो, त्यावर 'घर' या अर्थाचा शब्द लिहितो. झाडलोट करणाऱ्या माणसाची मुलगी ज्युलिया हिला ते उमगतं, चित्र रस्त्याकडेच्या जाहिरातीच्या फलकावर चढतं, लोक जागे होतात, आणि प्राणी प्राणिसंग्रहालयात जातात. याच्यामागं सत्यकथा आहे. आयव्हन नावाचा खराखुरा गोरिला अमेरिकेत टकोमा इथल्या एका दुकानसंकुलात २७ वर्षं एकटा होता. लोकांनी आवाज उठवल्यावर १९९४ मध्ये त्याला अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात नेण्यात आलं.

पुस्तक म्हणून ते कसं आहे? आम्हाला विचाराल तर चांगलं आहे. आयव्हन आपल्या जागेला पिंजरा म्हणत नाही, आपलं राज्य असल्यासारखं बोलतो, आणि त्या शब्दाचा फोलपणा त्याला हळूहळू कळत जातो. बंदीवानाला बंदिवास ओळखायलाच भाषा सापडत नाही, हा विचार दहा वर्षांच्या मुलाला समजेल अशा रीतीनं मांडणं सोपं नाही. लेखिकेचं दुसरं यश हे की, प्राणिसंग्रहालय म्हणजे जंगल नव्हे, हे ती लपवत नाही. मर्यादा कुठं आहे? शेवटाकडे सगळं सरळ रेषेत जातं. चित्र लागतं, लोक जागे होतात, दार उघडतं. ज्या माणसांच्या मधून प्राणी नेला जातो त्यांतला मालक तेवढा ठळक आहे, आणि त्याची बाजू बरीचशी पैशाची आहे. प्राण्यावर माया करणारी माणसं या गोष्टीत सुटकेच्याच बाजूला उभी आहेत. माया करणारे दोन्ही बाजूंना असले तर काय, हा प्रश्न या कादंबरीत येत नाही.

आणि आता हे पुस्तक कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या सातवीच्या वर्गात उघडलं आहे, अशी कल्पना करू. तिथं काय होईल?

तुम्हाला आठवत असेल. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण तीन दशकांहून अधिक काळ होती. तिच्या पायांचे विकार, तिचं एकटेपण, मिरवणुकांतला तिचा वापर यांवरून प्राणिहक्कांसाठी काम करणाऱ्यांनी तक्रार केली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिला गुजरातेत जामनगरच्या पुनर्वसन केंद्रात पाठवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. धार्मिक कार्यात हत्ती वापरण्याच्या हक्कापेक्षा हत्तिणीचा चांगल्या जगण्याचा हक्क मोठा, असा न्यायालयाचा आशय होता. ती निघाली तेव्हा हजारो माणसं रस्त्यावर आली. बायाबापड्या रडल्या. पुढं पदयात्रा निघाली, तिला परत आणण्याच्या, नांदणीजवळच तिची सोय करण्याच्या चर्चा सुरू झाल्या.

या वादाचा निकाल लावायला आपण इथं जमलेलो नाही. आपला प्रश्न वाचनाचा आहे. स्टेलाचा चिघळलेला पाय आला की त्या वर्गात शांतता पसरेल. रूबीला घेऊन जाणारी गाडी आली की कुणीतरी म्हणेल, "आमची पण अशीच नेली." ओहायोतल्या किंवा ओंटारिओतल्या वर्गाला ज्या पानावर आनंद होतो, त्याच पानावर या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या डोळ्यांत पाणी येईल. ती पुस्तक चुकीचं वाचते आहे का? मुळीच नाही. तिला ते पुस्तक फार जवळून लागलं आहे, इतकंच. आणि त्याच वर्गात कुणीतरी हळूच विचारेल, "पण मग तिच्या पायाला काय झालं होतं?" हा प्रश्न त्या मुलाला गावात विचारता आला नसता. पुस्तकानं तो विचारण्यापुरतं अंतर त्याला दिलं.

गाडामर या जर्मन तत्त्वज्ञानं १९६० च्या 'सत्य आणि पद्धती' या ग्रंथात म्हटलं की, पूर्वग्रहांशिवाय वाचन होतच नाही. पूर्वग्रह म्हणजे आधीच हातात घेतलेलं काहीतरी. ते टाकून वाचायला बसू म्हटलं तर हात रिकामेच राहतील. प्रत्येक वाचक आपल्या क्षितिजासकट वाचतो आणि चांगल्या वाचनात हे क्षितिज सरकतं. शिरोळच्या वर्गाचं क्षितिज आहे मठ, मिरवणूक, दारात आलेल्या हत्तिणीला दिलेला नारळ आणि केळी. ओहायोच्या वर्गाचं आहे सर्कस, मॉल, प्राणिसंग्रहालयाची सहल. दोघांचं क्षितिज सरकवण्याची ताकद एकमेकांच्या हातात आहे. ही संधी अशा उपक्रमात आहे म्हणूनच त्याच्याविषयी एवढं बोलायचं.

ही संधी हुकते कशी, ते पाहू. तीन ठिकाणी हुकते.

पहिलं ठिकाण म्हणजे पुस्तकाची निवड. जग जोडायला एक पुस्तक, हे ब्रीद ऐकायला गोड आहे. पण ते एक पुस्तक कुणाचं? या उपक्रमात बहुतेक पुस्तकं इंग्रजीतली आणि अमेरिकी प्रकाशनव्यवहारातली असतात. त्यात कुणाचा कावा आहे असं आम्ही म्हणत नाही. उपक्रम जिथं जन्मला तिथल्या शिक्षकांना जी पुस्तकं मिळतात ती ते निवडणार. परिणाम मात्र असा होतो की, आपली शाळा त्यात शिरली तर इंग्रजी माध्यमाचीच शिरते. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल दारातच थांबतं. म्हणजे जे आधीच एका भाषेनं जोडलेले आहेत त्यांनाच आपण पुन्हा जोडत बसतो. शिवाय ओघ एकाच दिशेचा राहतो. आपलं मूल त्यांची गोष्ट वाचतं. आपल्याकडून त्यांना गोष्ट जात नाही, जातात ते नऊवारी साडी, फेटा आणि लेझीम. म्हणजे एकीकडे लेखक, दुसरीकडे देखावा. ही जोडणी असमान आहे.

दुसरं ठिकाण, वेळ. सगळ्यांना आवडतो तो थेट व्हिडिओ कॉल. आता हिशेब करा. ऑक्टोबरात आपल्याकडे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो. दोन्ही वर्ग शाळेच्या वेळात समोरासमोर येणं जवळजवळ अशक्य. मग कुणालातरी संध्याकाळी उशिरा बोलवायचं, आणि ते बहुधा आपल्या मुलांना. मुलींना घरून पाठवतील का, परतताना सोबत कोण, हे प्रश्न शिक्षकाच्या डोक्याला. इतकं करून पंचवीस मिनिटांत काय होतं? आवाज तुटतो, "ऐकू येतंय का?" यात पाच मिनिटं जातात, तुमच्याकडे पाऊस आहे का, आवडतं पात्र कोणतं, आणि शेवटी दोन्हीकडून हात हलवणं. बघा, ज्या कादंबरीत गोरिला काचेतून माणसं पाहतो आणि माणसं काचेतून गोरिला पाहतात, ती कादंबरी वाचून आपण दोन वर्गांना काचेच्या दोन बाजूंना उभं करतो, आणि याला भेट म्हणतो! फ्रेनेच्या मुलांचं टपाल सावकाश चालायचं. त्या सावकाशीत विचाराला जागा होती. अंतर आणि उशीर यांना आपण अडचण समजतो. वाचनाच्या कामात ती मदत आहे.

तिसरं ठिकाण सगळ्यांत नाजूक आहे. दूरच्या मुलांशी बोलताना आपण सभ्य होतो. वाद नको, कुणाला वाईट वाटायला नको. शिक्षकही तेच शिकवतो. त्यामुळं संवादाचा शेवट ठरलेला असतो: आपण सगळे सारखेच आहोत. शिरोळच्या त्या मुलीनं कॉलवर म्हटलं की, रूबीला नेलं ते मला आवडलं नाही, तर काय होईल? बहुधा शिक्षक विषय बदलेल. समोरच्या वर्गाला ती प्राण्यांवर प्रेम न करणारी वाटेल, आणि आपल्या वर्गाला समोरचे कोरडे वाटतील. किंवा ती मुलगी हुशार असेल तर काय बोलायचं हे तिला आधीच समजलेलं असेल, आणि ती आपलं खरं वाचन खिशात ठेवून सगळ्यांना हवं ते बोलेल. आमच्या मते या उपक्रमातला खरा धोका हा आहे. मूल जगाशी जोडलं गेलं असं आपण म्हणतो, आणि त्या क्षणी ते स्वतःच्या वाचनापासून तुटलेलं असतं.

मग करायचं काय? कॉल बंद करून टाकायचे? नाही. आपल्याच तत्त्वज्ञानाच्या परंपरेतली एक जुनी शिस्त इथं कामाची आहे, आणि ती म्हणजे पूर्वपक्ष.

आपल्याकडे शास्त्रकार आपलं मत मांडण्याआधी दुसऱ्याचं मत मांडत. तेही त्याची टर उडवत नाही, तर जमेल तितक्या बळकटपणे. शंकराचार्य ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात सांख्यांना प्रधान मल्ल समजून त्यांच्याशी झुंजतात. मल्ल दुबळा दाखवला तर कुस्तीला अर्थ काय? चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' तर सुरूच होतो चार्वाकापासून. ज्याच्याशी आपलं अजिबात पटत नाही त्याचं म्हणणं आधी, नीट लावून. उत्तरपक्ष नंतर.

पण या परंपरेत एक मोठी उणीव राहिली. चार्वाकाचं मत आपल्याला कळतं ते बहुतांशी त्याच्या विरोधकांच्या पूर्वपक्षातून. त्याचे ग्रंथ हरवले, आणि "अहो, मी असं म्हणालोच नव्हतो" असं म्हणायला तो समोर नव्हता. पूर्वपक्ष कितीही प्रामाणिक असला तरी तो तपासायला त्याचा मालक हवा.

तंत्रज्ञान इथं उपयोगी पडतं. आजच्या वर्गाला ते जे देऊ शकतं ते शास्त्रकारांकडे नव्हतं. आपण मांडलेला पूर्वपक्ष ज्याचा आहे त्याच्याकडे पाठवता येतो, आणि तो सांगू शकतो, "हो, हेच म्हणायचं होतं" किंवा "नाही, इथं तुमची गल्लत झाली." आमची सूचना एवढीच आहे की, जोडलेल्या वर्गांचं काम याभोवती बांधावं.

प्रत्यक्षात ते असं होईल. दोन्ही वर्ग पुस्तक वाचतात. एका अवघड जागी थांबतात, समजा, रूबीला नेण्याच्या प्रसंगाशी. प्रत्येक वर्ग आपलं वाचन बार्बियानाच्या चिठ्ठ्यांच्या रीतीनं एकत्र करून एक पान लिहितो किंवा मोबाइलवर रेकॉर्ड करतो. वर्गात दोन मतं असतील तर दोन्ही येतात. पानं पोचल्यावर लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी दुसऱ्या वर्गाचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहून त्यांच्याकडे परत पाठवायचं. ओहायोच्या मुलांनी लिहायचं: "तुम्ही म्हणता की हत्तीण ही कुणाच्या मालकीची वस्तू नव्हती, ती गावातल्या घराघरांतली होती, तिला नेताना गावाला कुणी विचारलं नाही, हे तुम्हाला लागलं आहे." शिरोळच्या मुलांनी लिहायचं: "तुम्ही म्हणता की आपण एखाद्यावर माया करतो यावरून तो सुखात आहे असं ठरत नाही, आणि हत्तिणीला विचारायची सोय नसल्यानं कुणीतरी तिच्या बाजूनं बोलायला हवं." समोरच्यानं "बरोबर" म्हटलं की मगच आपलं उत्तर. "नाही" म्हटलं तर पुन्हा लिहायचं. यात आठवडा जाईल, दोन जातील, आणि तो वेळ वाया जात नाही.

भाषेचं काय? इथं यंत्राच्या भाषांतराची मदत घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून. या एका प्रसंगालाच मराठीत किती शब्द आहेत बघा. सुटका म्हणा, रवानगी म्हणा, निरोप म्हणा, पाठवणी म्हणा, उचलून नेलं म्हणा. प्रत्येक शब्दात एक निकाल दडलेला आहे. पाठवणी म्हटलं की ती हत्तीण सासरी निघालेली लेक होते. यंत्र एक शब्द निवडून मोकळं होईल. मुलांनी त्या निवडीवर वाद घालावा, आपला शब्द का वेगळा आहे हे पलीकडच्या वर्गाला समजावून सांगावं. कादंबरीतला आयव्हन रंगवतो तो शब्द मराठीत 'घर' होईल. पण हत्तिणीचं घर कोणतं? जंगल, मठ, की केंद्र? भाषांतराचा हा अर्धा तास व्याकरणाच्या दहा तासांना भारी पडेल.

आणि ओघ दुतर्फा करायचा असेल तर आपल्याकडेही सामग्री आहे. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर गोष्टी खुल्या परवान्यानं मिळतात. कुणीही त्या वाचाव्यात, छापाव्यात, दुसऱ्या भाषेत कराव्यात. ३०० हून अधिक भाषांतल्या गोष्टी तिथं आहेत. म्हणजे एक गोष्ट त्यांच्याकडची मराठीत आणि एक आपल्याकडची त्यांच्या भाषेत, असा करार दोन वर्गांना पैसा न मोजता करता येतो. जग जोडायला एक पुस्तक पुरत नाही. किमान दोन लागतात.

कुणी म्हणेल, सर, हे सगळं बोलायला ठीक आहे. आमच्या शाळेत नेट नाही, चार इयत्तांना एक शिक्षक, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. हा आक्षेप खोटा नाही. ज्यांच्यावर ही कामं टाकली जातात त्यांनाच वर उत्साहाचा उपदेश करणं हा अन्याय आहे, आणि तो आपण करणार नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेला जगाशी जोडणं शक्यच नाही, असंही म्हणता येत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली, ते आपल्या लक्षात आहे. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणला, हेही पुष्कळांना माहीत आहे. आजच्या विषयाच्या दृष्टीनं त्यांचं दुसरं काम अधिक महत्त्वाचं आहे. भारत आणि पाकिस्तान, इस्राएल आणि पॅलेस्टाइन अशा वैराच्या सीमांपलीकडच्या मुलांना त्यांनी एकमेकांशी बोलतं केलं. जिथं मतभेद उघड आहे तिथं जोडणीला सुरुवात केली, हे त्यातलं शहाणपण. आणि आम्ही सुचवलेल्या रीतीला तर महिन्यातून दोन ध्वनिफिती पाठवण्याइतकं नेट पुरतं; तेही नसेल तर टपाल आहेच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. सातवीतल्या मुलांवर हा भार का? त्यांना गोष्टीचा आनंद घेऊ द्या ना! अगदी खरं. प्रत्येक पुस्तकाचा वाद करायचा नाही. रोजचं वाचन रोजच्यासारखं, हसत, रडत, पुढं काय होणार म्हणत व्हावं. सहा आठवड्यांत एखादीच जागा अशी येते की जिथं वर्ग आपोआप थबकतो. ती ओळखणं हे शिक्षकाचं कसब. पण तिथं थबकलेल्या वर्गाला "चला, पुढं वाचू" म्हणून ओढून नेऊ नये. वैर, घर, मालकी, माया या गोष्टी मुलांना कळत नाहीत हा मोठ्यांचा सोयीचा समज आहे. नांदणीच्या रस्त्यावर त्या दिवशी मुलंही उभी होती.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापुरतं असं आहे. पडद्यावर दोन वर्ग दिसले म्हणजे नळ जोडला गेला. त्यातून पाणी येतं की नुसती हवा, ते अजून कळलेलं नाही. दोघांनी एक पुस्तक वाचलं म्हणजे निमित्त मिळालं. माणसं जोडली गेली असं केव्हा म्हणायचं? एका वर्गानं दुसऱ्याचं, स्वतःला न पटणारं म्हणणं असं मांडलं की ते ऐकून दुसरा म्हणाला, "हो, आम्हाला हेच म्हणायचं होतं." पटलं नाही तरी चालेल. शिरोळची ती मुलगी शेवटीही म्हणेल की हत्तीण परत यायला हवी, आणि ओहायोचा मुलगा म्हणेल की नको. पण तिचं म्हणणं आता त्याला माहीत आहे, आणि त्याचं तिला. जगातल्या मोठ्या माणसांच्या सभांत आज एवढंसुद्धा होत नाही.

ज्या शिक्षकांना हे करून पाहायचं असेल त्यांनी परदेशातला वर्ग शोधण्याआधी शेजारच्या तालुक्यातला शोधावा, असं आम्ही सुचवू. तिथंही क्षितिज वेगळं असतं, आणि भाषांतराची अडचण कमी. एक गोष्ट, दोन वर्ग, एक पूर्वपक्ष. तेवढं जमलं की ओहायो फार लांब नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि आज नियम असा की, आक्षेप घेणाऱ्यानं आधी आमचं म्हणणं दोन वाक्यांत सांगायचं.